‘रन’ म्हणजे फक्त पळणे नव्हे



आजचा विषय अगदी छोटा आहे. तीन अक्षरांचा एक इंग्रजी शब्द : रन. आर, यू, एन. पहिलीच्या मुलालाही त्याचं स्पेलिंग येतं. आपल्या वर्गाच्या भिंतीवर जो क्रियांचा तक्ता असतो, त्यात पळणाऱ्या मुलाचं चित्र असतं आणि खाली लिहिलेलं असतं, रन - पळणे. आपण ते मुलांकडून पाठ करून घेतो. ईट म्हणजे खाणे, ड्रिंक म्हणजे पिणे, रन म्हणजे पळणे. पुढे चला.

मीसुद्धा अनेक वर्षं असंच शिकवलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची पिढी पुढे निघून गेली होती. आम्हाला शब्द आणि त्याचा एक अर्थ अशा जोड्या पाठ करायला मिळाल्या आणि डी.एड. होऊन वर्गात उभी राहिल्यावर मी त्याच जोड्या पुढच्या मुलांना दिल्या. या जोड्या चुकीच्या नाहीत, पण अपुऱ्या आहेत. आणि अपुऱ्या असल्यामुळे त्या मुलांवर कसा अन्याय करतात, हे मला एका मुलीने शिकवलं. म्हणून आधी तो प्रसंग सांगते, मग शब्दाकडे वळू.

एक लाल फुली

जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या गावची शाळा. त्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. ऑगस्टमध्ये मी एक साधी चाचणी घेतली. इंग्रजी वाक्याचा अर्थ मराठीत लिहा. त्यात एक वाक्य होतं : द रिव्हर रन्स बाय अवर व्हिलेज.

एका मुलीने लिहिलं, “नदी आमच्या गावाजवळून पळते.”

मी लाल फुली मारली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला हसू आलं आणि मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं. सगळा वर्ग हसला. एक मुलगा उठून नदी कशी पळते याची नक्कल करून गेला. ती मुलगी खाली मान घालून बसली.

त्यानंतर इंग्रजीच्या तासाला तिचा हात वर आला नाही. वाचायला उठवलं तर उभी राहायची, पण तोंडातून शब्द नाही. दिवाळी झाली आणि ती आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. आपल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातल्या शिक्षकांना हे सांगायला नको. दिवाळीनंतर हजेरीपटावरची नावं तशीच राहतात आणि बाकं रिकामी होतात.

ती परत आली मार्चमध्ये. एके दिवशी तास चालू असताना खिडकीजवळचा मुलगा ओरडला, “मॅडम, नळ आला! जाऊ का?” गावात नळ दिवसाआड येत होता, आई-बाप शेतात, त्यामुळे हंडे भरायला मुलांनाच जावं लागायचं. मी दोघातिघांना सोडलं. तेवढ्यात ही मुलगी उठली आणि म्हणाली,

“मॅडम, नळ आला म्हणलं तर चालतं. नळाला काय पाय असतेत का? मग माझी नदी पळाली तर काऊन चुकलं?”

सात महिने ते तिच्या मनात होतं. मला उत्तर सुचलं नाही. “उद्या सांगते” म्हणाले आणि घरी जाऊन शब्दकोश उघडला.

तिचं कुठे बरोबर होतं?

शब्दकोशात जे दिसलं त्याने मी गप्प झाले. ‘रन’ हा शब्द हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतून आलेला आहे आणि त्या काळापासूनच त्याला दोन अर्थ आहेत : माणसाने किंवा जनावराने पळणे आणि पाण्याने वाहणे. इंग्रजीच्या नात्यातल्या जर्मन भाषेत आजही पळण्यासाठी ‘रेनेन’ आणि पाणी वाहण्यासाठी ‘रिनेन’ असे जुळ्या बहिणींसारखे दोन शब्द आहेत. म्हणजे इंग्रज माणसाच्या कानाला नदी ‘रन’ होते यात काही गंमत नाही. ते त्याचं साधं बोलणं आहे.

मुलीची चूक एवढीच होती की मराठीत नदीबरोबर ‘वाहणे’ येतं, ‘पळणे’ येत नाही. पण तिला वाक्य कळलं होतं. नदी आणि गावाजवळून हे शब्द बरोबर होते. मी तिला ‘रन’चा एकच अर्थ दिला होता, तो तिने प्रामाणिकपणे वापरला. फुली मारायचीच होती तर ती माझ्या तक्त्यावर मारायला हवी होती.

आणि गंमत बघा, आपण मराठवाड्याची माणसं “आमचं पाणी पळवलं” असं नेहमी म्हणतो. म्हणजे मराठीत पाणी पळत नाही, पण पळवलं मात्र जातं.

एका शब्दाला किती अर्थ?

इंग्रजीचा सगळ्यात मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी.  त्याचा पहिला भाग जेम्स मरे यांच्या संपादनाखाली १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती पूर्ण झाली १९२८ मध्ये. त्या आवृत्तीत सर्वांत जास्त जागा घेणारा शब्द होता ‘सेट’, तोही तीन अक्षरीच. पुढे कोशाची नव्याने तपासणी सुरू झाली तेव्हा ‘रन’ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकांना या एका शब्दासाठी सुमारे नऊ महिने लागले आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. नाम म्हणून येणारा ‘रन’ वेगळाच.

एवढे अर्थ का वाढले? याचं एक मोठं कारण यंत्रं. कापडाच्या गिरण्या आल्या, वाफेचं इंजिन आलं, रेल्वे आली, पुढे मोटार, पंखा, संगणक. प्रत्येक नव्या यंत्रासाठी लोकांनी हाच जुना शब्द वापरला. मशीन रन होते, इंजिन रन होतं, प्रोग्रॅम रन होतो. शब्द तोच, काम नवं.

घाबरू नका, ६४५ अर्थ मुलांना शिकवायचे नाहीत. प्राथमिक शाळेच्या मुलाला सात-आठ पुरतात. पण ते गट करून शिकवले पाहिजेत. मी केलेले गट खाली देते.

‘रन’चे मुलांना लागणारे गट

१. पायांनी पळणे. मुलगा पळतो, कुत्रा पळतो. हा तक्त्यातला अर्थ. क्रिकेटचा रनही इथूनच निघाला. दोन फलंदाज यष्ट्यांच्या मध्ये पळून जागा बदलतात, तो एक रन. मराठीत आपण त्याला ‘धाव’ म्हणतो. आता मुलांना विचारा, चेंडू थेट सीमेपार गेला, फलंदाज जागेवरून हलला नाही, तरी सहा रन कसे? मुलं विचारात पडतात. मग सांगा की शब्द आधी पळण्यासाठी होता, नंतर तो मोजण्याचं माप झाला. शब्दाचा अर्थ कसा सरकत जातो हे दाखवायला यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

२. वाहणे. नदी वाहते, नळ वाहतो, सर्दीने नाक वाहतं. इंग्रजीत तिन्हीकडे ‘रन’. कपड्याचा रंग पाण्यात उतरतो तेव्हाही इंग्रजीत रंग ‘रन’ होतो. मराठीत आपण म्हणतो, “या साडीचा रंग जातो.” इंग्रजीत रंग पळतो, आपल्याकडे नुसता जातो.

३. यंत्र किंवा गाडी चालणे. पंखा, मोटार, मिक्सर, घड्याळ. जालना ते भोकरदन बस रोज चालते, तर ‘द बस रन्स एव्हरी डे’. विहिरीवरची मोटार चालू आहे, ‘द मोटर इज रनिंग’.

४. चालवणे, सांभाळणे. ती किराणा दुकान चालवते : ‘शी रन्स अ शॉप’. बचत गट चालवणे, शाळा चालवणे, घर चालवणे. इथे पळणारं कोणीच नाही.

५. लांबवर पसरलेलं असणे. रस्ता, भिंत, कुंपण, तार, रेल्वेलाइन. ‘द रोड रन्स टू अंबड’, म्हणजे रस्ता अंबडला जातो. जालन्यावरून जाणारी रेल्वेलाइन मनमाडकडून सिकंदराबादकडे जाते, तिथेही ‘रन’च येतं. रस्ता जागचा हलत नाही, पण इंग्रजीत तो पळतो आणि मराठीत जातो. दोन्ही भाषा सारख्याच खोटं बोलतात, आणि दोन्हीकडे कोणाला ते खटकत नाही.

६. टिकणे, चालू राहणे. पिक्चर थिएटरला पंचवीस आठवडे चालला. नाटकाचे प्रयोग वर्षभर चालले.

७. निवडणूक. हा गट मुलांना फार आवडतो, कारण ग्रामपंचायतीची निवडणूक त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ होतो, म्हणजे पळतो. इंग्लंडमध्ये तो ‘स्टँड’ होतो, म्हणजे उभा राहतो. आणि आपल्या गावात? “काका सरपंचाला उभे राहिले.” आपण उभंही राहतो आणि निवडणूक लढवतोही. एकच गोष्ट, एक देश पळतो, एक उभा राहतो, आपण उभं राहून लढतो.

८. ‘रन’ला छोटा शब्द जोडून होणारे अर्थ. रन अवे म्हणजे पळून जाणे. रन आफ्टर म्हणजे मागे लागणे. रन इनटू म्हणजे अचानक भेटणे किंवा धडकणे. रन ओव्हर म्हणजे गाडीखाली चिरडणे. आणि रन आऊट! हा शब्द मुलांना क्रिकेटमुळे पक्का माहीत असतो. मग ‘वी रॅन आऊट ऑफ मिल्क’ असं वाक्य आलं की वर्गातून उत्तर येतं, “दुधामुळं आम्ही रनआऊट झालो.” खरा अर्थ आहे, आमच्याकडचं दूध संपलं. इथे हसायला हरकत नाही, पण मुलाला नाही, वाक्याला हसायचं, आणि सगळ्यांनी मिळून.

तिकडे पळतं, इकडे चालतं

वरचे गट पुन्हा वाचा. तिसरा, चौथा आणि सहावा. इंग्रजीत जिथे जिथे ‘रन’ आहे, तिथे मराठीत कोणता शब्द आला? चालणे. बस चालते, मोटार चालते, दुकान चालतं, पिक्चर चालतो. इंग्रजीतल्या ज्या गोष्टी पळतात, त्या मराठीत चालतात. आपल्या भाषेत ‘रन’चं बरंचसं काम ‘पळणे’ करत नाही, ‘चालणे’ करतं.

हे एकदा लक्षात आलं की मुलांना सांगणं फार सोपं होतं. कारण ‘चालणे’चे अर्थ त्यांना शिकवावे लागत नाहीत, ते त्यांच्या तोंडात असतात. मी फळ्यावर ‘चालणे’ लिहिलं आणि वाक्यं सांगा म्हटलं. दहा मिनिटांत फळा भरला :

बाळ चालायला लागलं.
माझा पेन चालत नाही.
फाटकी नोट दुकानात चालत नाही.
आज डोकंच चालत नाही.
आजोबापुढं कोणाचं काही चालत नाही.
याचं तोंड सारखं चालू असतं.
चहा चालेल का? चालेल.
आमच्यात अशी चाल नाही.
या कवितेची चाल मला येते.
तो लय चालू आहे.

शेवटच्या वाक्याला सगळे एका मुलाकडे बघून हसले. मग मी विचारलं, यातलं पायांनी चालणारं कोण? फक्त पहिल्या वाक्यातलं बाळ. बाकी सगळीकडे पाय नाहीत, तरी चालतं. “इंग्रज लोकांचं ‘रन’ असंच आहे,” एवढंच मी म्हणाले. वर्गाला अर्ध्या तासात जे कळलं, ते मला अनेक वर्षं कळलं नव्हतं.

आणि आठवतं का, त्या मुलीने मला काय विचारलं होतं? “नळ आला म्हणलं तर चालतं.” प्रश्न विचारतानाच तिने ‘चालतं’ वापरलं होतं. उत्तर तिच्या वाक्यातच होतं.

शिक्षकांसाठी इथे व्याकरणाचा एक मुद्दा आहे. मराठीत आपण चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे असा फरक करतो. मध्ये ‘व’ आला की कोणीतरी दुसऱ्याकडून ते करवून घेतंय हे कळतं, म्हणूनच आपण त्याला प्रयोजक क्रियापद म्हणतो. इंग्रजीत ‘रन’मध्ये असा काही बदल होत नाही. ‘द शॉप रन्स वेल’ म्हणजे दुकान चांगलं चालतं आणि ‘शी रन्स द शॉप’ म्हणजे ती दुकान चालवते. शब्द तोच. फरक कळतो तो वाक्यातल्या जागेवरून. आपली मुलं “ती दुकान पळते” असं लिहितात ते यामुळे. त्यांना सांगा, ‘रन’च्या पुढे लगेच एखादी वस्तू किंवा संस्था आली की बहुतेक वेळा ‘चालवणे’ लावून बघा.

हे आपल्याला नवं नाही

एका शब्दाचे अनेक अर्थ ही इंग्रजीची खोड आहे असं काही पालकांना वाटतं. तसं नाही. शिष्यवृत्तीची तयारी करून घेणाऱ्यांना अनेकार्थी शब्द माहीत आहेत. कर म्हणजे हात, किरण आणि सरकारला भरायचा सारा. पय म्हणजे पाणी आणि दूध. संस्कृतच्या अमरकोशात तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ म्हणून अशा शब्दांचा वेगळा भागच केलेला आहे. एकटा ‘हरि’ हा शब्द घ्या : विष्णू, इंद्र, सूर्य, चंद्र, सिंह, घोडा, माकड, पोपट, साप, बेडूक, एवढं सगळं त्यात बसतं.

मात्र दोन प्रकार वेगळे ठेवा. काही शब्द मुळात वेगवेगळे असतात, फक्त ऐकायला सारखे. इंग्रजीत क्रिकेटची बॅट आणि बॅट म्हणजे वटवाघूळ, यांचा एकमेकांशी संबंध नाही. ते पाठच करावे लागतात. ‘रन’ तसा नाही. तो एकाच मुळाचा वड आहे, त्याला पारंब्या फुटत गेल्या. पळणे, मग पाण्याचं वाहणे, मग थांबल्याशिवाय चालू राहणारं काहीही. मूळ कल्पना ‘न थांबता पुढे जाणे’ ही धरली, तर बरेचसे अर्थ मुलाला स्वतःलाच लावता येतात.

आपल्या व्याकरणात शब्दशक्ती शिकवतात : अभिधा, लक्षणा, व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा, आणि सरळ अर्थ बसत नाही म्हणून त्याच्या जवळचा अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा. “रस्ता अंबडला जातो” ही लक्षणाच आहे. आपण मराठीच्या तासाला हे शिकवतो आणि इंग्रजीच्या तासाला विसरून जातो.

उलट बाजूने बघायचं असेल तर मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश बघा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. त्या साहेबांपुढे आपल्या मुलांसारखीच अडचण होती, फक्त उलटी. आपल्या ‘लागणे’चं काय करायचं? भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो, शोध लागतो, वेळ लागतो, भाजी तिखट लागते, एसटीत बसलं की गाडी लागते, आणि ती बाई माझी मावशी लागते. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला ‘रन’ जेवढा अवघड, तेवढाच मराठी शिकणाऱ्याला ‘लागणे’. हे मुलांना जरूर सांगा. आपली भाषाही तेवढीच दांडगी आहे हे कळलं की इंग्रजीची भीती जरा उतरते.

वर्गात काय करता येईल?

मी जे करून पाहिलं तेवढंच लिहिते.

पहिली गोष्ट, शब्द एकटा देऊ नका, सोबत्यासह द्या. वहीत ‘रन - पळणे’ असं न लिहिता ‘डॉग रन्स’, ‘रिव्हर रन्स’, ‘बस रन्स’, ‘रन अ शॉप’ अशा चार जोड्या लिहून घ्या. जोडी लक्षात राहिली की अर्थ आपोआप राहतो.

दुसरी गोष्ट, ‘कोण पळतंय?’ हा प्रश्न विचारायची सवय लावा. पळणाऱ्याला पाय आहेत? मग पळणे. पाणी किंवा पातळ पदार्थ आहे? मग वाहणे. यंत्र किंवा गाडी आहे? मग चालणे. रस्ता, भिंत, तार आहे? मग जाणे. ‘रन’च्या पुढे लगेच दुकान, शाळा असं काही आहे? मग चालवणे. या पाच प्रश्नांनी प्राथमिकची बहुतेक वाक्यं सुटतात. चौथीची मुलं आठवडाभरात हे करायला लागतात.

तिसरी गोष्ट, इयत्तेप्रमाणे टप्पे ठेवा. पहिली-दुसरीला फक्त पळणे आणि क्रिकेटचा रन, तोही मैदानावर पळत. तिसरीला नदी, नळ, बस. चौथी-पाचवीला दुकान चालवणे, रस्ता, आणि रन आऊटसारखे दोन-तीन जोडशब्द. पहिलीच्या मुलावर सगळं ओतलं तर तक्त्यातला अर्थही जाईल.

चौथी गोष्ट, शब्दकोशातला दोन नंबरचा अर्थ वाचायला शिकवा. मुलं एक नंबरचा अर्थ लिहून कोश मिटतात. शाळेत कोश असेल तर आठवड्यातून एकदा ‘आजचा छोटा शब्द’ घ्या. सेट, गेट, टेक, पुट, कट, ब्रेक. कोणत्या अर्थाने वाक्य जुळतं ते गटात शोधू द्या.

पाचवी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उत्तर तपासताना फुली मारायच्या आधी विचार करा, मूल या उत्तरापर्यंत कसं पोहोचलं असेल? “नदी पळते” लिहिणाऱ्याला शब्द माहीत आहे, वाक्यरचना कळली आहे, फक्त मराठीतला सोबती चुकलाय. कोरा कागद देणाऱ्यात आणि त्याच्यात खूप फरक आहे. त्याला अर्धा गुण द्या आणि बाजूला लिहा, “मराठीत नदी काय करते?” तो स्वतःच दुरुस्त करील.

पालकांसाठी दोन शब्द

अनेक पालक सांगतात, “मॅडम, आम्हाला इंग्रजी येत नाही, घरी काय शिकवणार?” तुम्हाला मराठी येतं ना, मग पुष्कळ आहे. जेवताना मुलाला विचारा, ‘लागणे’ किती प्रकारे वापरतो? ‘घालणे’ किती प्रकारे? अंडं घालतात, कपडे घालतात, जेवायला घालतात, वाद घालतात. घरातल्या आजीला या खेळात घ्या, ती सगळ्यांना हरवते. एक शब्द अनेक कामं करतो ही समज मराठीत पक्की झाली की इंग्रजीत तिचा उपयोग होतो.

दुसरं, मोबाइलवर भाषांतर बघत असाल तर एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. एकटा ‘रन’ टाकला तर मोबाइललाही कोणता अर्थ हवा ते कळत नाही. आणि जे उत्तर येईल ते मराठीत मोठ्याने वाचून बघा. आपण असं बोलतो का? बोलत नसू तर काहीतरी चुकलंय.

शेवटी त्या मुलीबद्दल

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं की त्या वाक्यात तिच्यापेक्षा माझी चूक जास्त होती. मी तिला शब्दाचा एकच अर्थ शिकवला होता आणि वर तिला हसले होते. मुलांना शिक्षकाने चूक कबूल केलेली बघायची सवय नसते, वर्ग एकदम शांत झाला. गुणपत्रकातला तो गुण मात्र मी बदलू शकले नाही. ती नोंद केव्हाच झाली होती.

तिला लगेच धीटपणा आला असं नाही. पण त्या आठवड्यात आम्ही जोड्या लिहीत होतो, तेव्हा तिने मागच्या बाकावरून हात वर केला. सात महिन्यांनी.

“मॅडम, कारखाना पण रन होतो का? आम्ही होतो तिथं रात्री पण बंद नसायचा.”

मी म्हटलं, होतो. लिही तुझं वाक्य. तिने फळ्यावर येऊन लिहिलं, ‘द फॅक्टरी रन्स डे अँड नाइट.’ कारखाना रात्रंदिवस चालतो. हे उदाहरण माझ्या तक्त्यात नव्हतं, पुस्तकातही नव्हतं. वर्गातल्या इतर कोणाला ते सुचलंही नसतं.

आता माझ्या वर्गाच्या भिंतीवर पळणाऱ्या मुलाच्या चित्राशेजारी नदी, नळ, एसटी, दुकान आणि साखर कारखान्याचं धुराडं अशी चित्रं आहेत. मुलांनीच काढली आहेत. सगळ्यांच्या खाली एकच शब्द लिहिला आहे. तुमच्या तक्त्यावरही जागा असेल तर एखादं चित्र वाढवून बघा.